भगुलं रिकामं आणा

निजामी अंमलात 'मेहेरबानी' हा शब्द मी इतका ऐकला की मला त्याचा वीट आला. सारा भरायला मुदत हवी, मेहेरबानी. गावात वाचनालय काढायला परवानगी हवी, मेहेरबानी. अंमलदारानं भर बाजारात थोबाडीत मारली नाही, ती तर फारच मोठी मेहेरबानी. अर्जाच्या शेवटी हुजुरांच्या मेहेरबानीची आळवणी केल्याशिवाय कागद पुढं सरकत नसे, आणि केल्यावरही सरकेलच असं नाही. मी पत्रकं लिहू लागलो तेव्हा पहिल्याच पत्रकात या शब्दावर तुटून पडलो. माणसाला हक्कानं मिळायचं ते दान म्हणून फेकायचं आणि वर सलाम घ्यायचा, याला राज्य म्हणत नाहीत, असं मी लिहिलं होतं. त्यातलं एक अक्षरही मी आज मागं घेणार नाही.

हे आधी सांगून टाकतो, कारण ज्या बाईंबद्दल लिहायला बसलोय त्यांचं सगळं बोलणंच कृपेबद्दल असे. देवाची कृपा, फुकट मिळालेली, न कमावलेली. माझ्यासारख्याचं त्यांच्याशी जमायला नको होतं.

मार्थाक्का येडशीजवळच्या एका वस्तीत राहत. बायबलबाई होत्या. म्हणजे गावोगाव पायी फिरायचं, ओट्यावर, शेताच्या बांधावर, नदीवर धुणं धुणाऱ्या बायांत बसायचं आणि येशूच्या गोष्टी सांगायच्या. वस्तीतली शाळाही त्याच चालवत. शाळा म्हणजे मातीच्या चार भिंती आणि वर गवताचं छप्पर. रविवारी तिथंच उपासना, आणि मागच्या खोलीत अक्कांचा संसार. ठेंगण्या, काळ्या, कपाळावर बाप्तिस्म्याच्या आधीचं हिरवं गोंदण. काखेत पुरुषी छत्री. दातांना मिसरी लावायची सवय होती आणि त्यावर कुणी बोललं तर म्हणत, एवढी एक खोड माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या, न्हायतर मला वाटायचं म्या लई चांगली हाय. आई नळदुर्गाकडची कानडी बोलणारी, म्हणून सगळे त्यांना अक्का म्हणत. आणि रागावल्या की त्यांच्या तोंडून 'साकु' निघे. साकु म्हणजे पुरे. एकदा साकु निघालं की समोरच्यानं गप्प बसायचं.

बार्शी तेव्हा इंग्रजी मुलखात. तिकडं छापलेली आमची पत्रकं छोट्या रेल्वेनं कांद्याच्या पोत्यांतून येडशीला उतरत आणि तिथून आम्ही ती खेड्यांत पोचवत असू. माझा सोबती अनंता, शेतकऱ्याचा मुलगा, मला पहिल्यांदा अक्कांकडं घेऊन गेला. चालून पाय मोडले होते. अक्कांनी काही न विचारता हुलग्याचं माडगं जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भगुल्यात घालून दिलं आणि म्हणाल्या, वाटंत प्या, हितं थांबू नका, चौकीवरचा शिपाई फिरतोय.

मी धाराशिवच्या वाण्याच्या घरचा. गळ्यात लिंग, घरात तराजू. आमच्याकडं शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत जात नाही. चिमूटभर साखर, दोन मिरच्या, काहीतरी घालायचंच; रिकामं भांडं देणं अशुभ. हे आमच्याकडंच नाही, सगळ्या जिल्ह्यात असंच. माझ्यापाशी घालायला काही नव्हतं, म्हणून पुढच्या खेपेला मी भगुल्यात पत्रकं घालून नेली. मला ते फार छान सुचल्यासारखं वाटलं होतं.

अक्कांनी पत्रकं काढून माझ्या हातात दिली. मग त्यातलंच एक परत मागून घेतलं, उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाल्या, "चांगलं लिवलंय. पर लई वरडता, बापू. आणि भगुलं रिकामं आणत चला."

मला वाटलं थट्टा आहे. नव्हती. वस्तीतल्या बाया मला नंतर सांगू लागल्या की अक्का कुणाच्याही हातचं भरलेलं भांडं परत घेत नाहीत. कुणी आत चार शेंगा टाकल्या असतील तर त्या काढून देणारीच्याच पदरात घालतात आणि मगच भांडं घेतात. एक बाई तर चिडून म्हणाली होती, आमी काय भिकारी हावोत? अक्का तिला म्हणाल्या, तुला द्यायचं आसंल तर उद्या दे, परवा दे, तुझ्या भांड्यात घालून आन, म्या मिटक्या मारत खाईन. पर माझ्या भांड्यातनं नगं. माझ्या भांड्यातनं आलं की ती फेड झाली.

या हट्टामागची गोष्ट त्यांनी एका दुपारी सांगितली, पोरांना पाढे म्हणायला लावून.

त्यांची आई महारवाड्यातली. घरोघर भाकरी मागायला जाई आणि लहानगी अक्का तिच्या मागं. पण नुसती भाकर कधी मिळत नसे. भाकरीमागं काम चिकटलेलं असायचं. लाकडं फोड, अंगण झाड, मेलेलं ढोर ओढून ने. भाकर हातात पडली की आई दारातच बसून राही, कोणतं काम सांगतात त्याची वाट बघत. एकदा दुष्काळात दोघी मिशनच्या बंगल्यावर गेल्या. तिथल्या बाईनं दोघींना पोटभर खिचडी वाढली आणि आत निघून गेली. आई खाऊन उठली आणि सवयीनं पायरीवर बसली. सकाळची दुपार झाली. ती बाई बाहेर आली, म्हणाली, अजून का बसलीस? आई म्हणाली, काम सांगा. ती म्हणाली, काम नाही. आईला ते कळेचना. तिला वाटलं, काहीतरी फार मोठं काम असेल, म्हणून सांगत नाहीत. ती घाबरली. पोरीला ओढत पळाली.

"पळाली, बापू," अक्का म्हणाल्या. "फुकट जेवली म्हणून पळाली. म्या गावोगाव फिरते न्हवं, समदी मानसं माझ्या माईसारखीच देवाच्या पायरीवर बसल्यात. काम सांगा म्हन्त्यात. उपास सांगा, नवस सांगा, दंड सांगा. आणि त्यो म्हन्तोय, काम न्हाय. पोराला धाडून समदं करून बसलोय. घरी जा, सुखानं ऱ्हावा. तर पळत्यात."

मी म्हणालो की अक्का, हे असंच आमच्या निजामाचंही चाललंय. तोही म्हणतो, माझ्या कृपेनं जगता.

त्यांनी मिसरीचं बोट पुसलं. "मेहेरबानीला सलाम लागतो. न्हाय केला की काय व्हतंय तुमाला ठावं हाय. आमी देवाला शिव्या देत व्हतो तवाच त्येनं पोरगा दिला. सलामाची वाट बघितली न्हाय त्येनं. आनि म्या म्हन्ते, तारण कमवायचंच आसतं तर माझ्या माईनं कुठनं कमावलं आसतं? देवळात पाऊल टाकू देत न्हाईत. दान द्यायला धान न्हाय. गंगा लांब."

मला ते पटलं नव्हतं. कृपा कृपा करणारी माणसं शेवटी मान खाली घालून जगतात, असं माझं ठाम मत होतं.

ते मत एका शिपायाच्या तट्टानं हलवलं. तहसिलीच्या मोठ्या साहेबाचा दौरा होता आणि ओझी वाहायला वेठीचे लोक हवे होते. शिपाई तट्टावर बसून वस्तीत आला. गडीमाणसं शेतात, म्हणून त्यानं शाळेतली थोराड पोरं बाहेर काढायला सांगितली. मी ओट्यावर बसलो होतो, धुणं घेऊन आलेल्या परटाच्या सोंगात. अक्का दारात उभ्या राहिल्या आणि विचारलं, मजुरी किती? शिपाई हसला. म्हणाला, हुजुरांची मेहेरबानी म्हणून ताक मिळेल. अक्का म्हणाल्या, मग पोरं मिळणार न्हाईत. त्यानं काठी उगारली. अक्कांनी हातातली छत्री फाडकन उघडली. तट्टानं असलं काही पाहिलं नसावं. ते जे उधळलं ते शिपायाला घेऊन थेट रामलिंगाच्या झाडीकडं. वस्तीतली म्हातारी माणसं अजून तो प्रसंग सांगताना खोकेपर्यंत हसतात.

मी नंतर म्हणालो की अक्का, आता कुठं गेली कृपा? त्या म्हणाल्या, "मजुरी हक्काची. मानसापाशी हक्क मागायचा, न्हाय सोडायचा. पर देवापाशी हक्क सांगाया गेले तर त्येला दाखवाया माझ्याकडं काय हाय, ही छत्री?"

मग ते वाईट वर्ष आलं. अनंता तापानं फणफणला होता आणि त्याच्यावर वॉरंट होतं. अक्कांनी त्याला मागच्या खोलीत, कणगीच्या आड ठेवलं. वस्तीत ते फक्त दोघातिघांना माहीत होतं. त्यांतला एक दाविद.

दाविद छपरं शाकारायचा. अक्कांच्याच शाळेत शिकलेला, अक्कांनीच त्याचं लग्न लावून दिलेलं. शाळेवरचं छप्परही त्याच्या हातचं. त्याला चौकीवर बोलावलं, धाक घातला, दारू पाजली, असं लोक म्हणत. मला कारणांत रस नव्हता. दाविदनं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीवरची माणसं आली. अनंताला ओढत नेलं. अक्कांची भांडी अंगणात फेकली, एकानं त्या जर्मनच्या भगुल्यावर बूट मारला, आणि जाताना छपराला काडी लावली. अनंता धाराशिवच्या तुरुंगातून बाहेर आला तो उजवा हात वाकडा घेऊन. तो हात आता सरळ होणार नाही.

पुढं फौजा आल्या, निजामाचा अंमल संपला. लोक नाचले, आम्ही भाषणं केली. आणि मग ज्यानं त्यानं आपापल्या गावचे फितूर शोधायला सुरुवात केली. दाविदचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. तो बायको आणि लहान पोर घेऊन वस्तीबाहेर, माळावर खोपट घालून राहत होता. विहिरीवर त्याच्या बायकोशी कुणी बोलत नसे. मीही एक पत्रक लिहिलं. दाविदनं चावडीवर उभं राहून कबुली द्यावी आणि गावानं त्याच्याशी व्यवहार तोडावा, अशी मागणी त्यात होती.

दाविदला परत यायचं होतं. कुठं जाणार? नातीगोती, देव, स्मशान, सगळं याच वस्तीत. त्यानं मंडळीच्या, म्हणजे रविवारी उपासनेला जमणाऱ्या लोकांच्या, वडीलधाऱ्यांकडं, शमुवेलबाबांकडं, निरोप धाडला. शमुवेलबाबा सज्जन म्हातारा. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून माणसाची जुनी सवय सुटत नाही. पूर्वी जातीबाहेर टाकलेल्याला परत यायचं तर त्यानं सगळ्या जातीला जेवण घालायचं, मग पंचांनी त्याच्या हातचं खाऊन त्याला आत घ्यायचं. वस्ती ख्रिस्ती झाली तरी हे गोतजेवण तसंच चालू होतं. बाबांनी सांगितलं, मंडळीला जेवण घाल, मग बघू. दाविदच्या घरात एका वेळच्या पिठाची मारामार. तो म्हणाला, जेवण घालायची ऐपत नाही, शाळेचं छप्पर शाकारून देतो. बाबा म्हणाले, ते वेगळं, जेवण वेगळं.

तरी एके सकाळी दाविद गवताच्या पेंढ्या आणि शिडी घेऊन शाळेपाशी आला. अक्का तेव्हापासून त्या काळवंडलेल्या भिंतींतच, एका कोपऱ्यावर पाचट टाकून राहत होत्या. त्यांनी बाहेर येऊन शिडी काढून आडवी टाकली.

"आधी जेवायचं, मंग शाकारायचं. उलटं चालायचं न्हाय. आइतवारी ये. तुझं गोतजेवण म्या घालते."

हे ऐकून वस्ती चक्रावली. गुन्हा याचा आणि जेवण हिचं? शमुवेलबाबा काठी टेकत आले, म्हणाले, अक्का, अशानं शिस्त ऱ्हायची न्हाय, उद्या कुनीबी फितुरी करंल आन् जेवाया यील. अक्का म्हणाल्या, आला तर आनिक सैपाक करीन.

मीही गेलो भांडायला. घर त्यांचं जळलं, ते त्यांनी खुशाल सोडावं. अनंताच्या हाताचं काय? तो काय त्यांच्या मालकीचा होता? बोलता बोलता माझा आवाज चढला. अक्कांनी साकु म्हटलं नाही, सगळं ऐकून घेतलं.

"अनंताचं अनंतापाशी," त्या म्हणाल्या. "त्येच्या हाताची माफी म्या कशी देऊ? म्या माझं देते. तुमी या जेवाया. तुमच्यासाठी आमटी निराळी करीन, कोंबड्याचा वास बी लागू देणार न्हाय."

कोंबडा म्हणजे त्यांचा तांबडा कोंबडा. पोरांना पाढे चुकले की आरवतो, अशी त्याची ख्याती. अक्कांनी तो कुणाला विकला नव्हता, आजारपणात कापला नव्हता. रविवारी उपासनेच्या वेळी तो आरवला नाही तेव्हा सगळ्यांना कळलं.

भरदुपारी त्या बिनछपराच्या शाळेत पंगत बसली. वर नुसतं आभाळ. बहुतेक सगळी मंडळी आली होती. काही जेवायला, काही बघायला. शमुवेलबाबा भिंतीला टेकून, तोंड फिरवून बसले. अनंता आला, पण आत आला नाही. दाराच्या चौकटीपाशी उभा राहिला. दाविद शेवटी आला, बायकोच्या मागून, आणि दारातच उकिडवा बसला. अक्कांनी त्याला हाताला धरून आत आणलं, मधोमध बसवलं. भाकरी वाढली, कालवण वाढलं. मग उभ्या राहिल्या.

"दाविदनं चौकीवर सांगितलं," त्या म्हणाल्या. "म्हनून अनंता धरला गेला. म्हनून त्येचा हात मोडला. म्हनून हे छप्पर जळालं. ह्ये झालं. त्येला न झालं म्हनायचं न्हाय. दाविद, व्हय का न्हाय?"

दाविदच्या तोंडून 'व्हय' निघालं ते शेजारी बसलेल्याला जेमतेम ऐकू गेलं. अक्का म्हणाल्या, मोठ्यानं. त्यानं मोठ्यानं म्हटलं. माझ्या पत्रकातली पहिली मागणी तिथं पुरी झाली. दुसरीचं मात्र अक्कांनी काही चालू दिलं नाही.

"आता जेव," त्या म्हणाल्या.

दाविदचा हात उठेना. सगळी पंगत त्याच्याकडं बघत थांबलेली. तो रडत होता की घाम होता, सांगता येत नव्हतं. मग त्यानं मान वर केली. "अक्का, आधी मला मारा. कुनीबी मारा. चार रट्टे द्या, मंग खातो. अशी न्हाय गिळवत."

कुणीतरी पुढं झालंही असतं. अक्का त्याच्यासमोर बसल्या.

"मार खाऊन जेवलास तर मोल देऊन जेवलास. मंग ही माझी भाकर न्हाय, तू इकत घेतलेली. मार खायचा त्यो एकानं खाल्ला, दाविद. लई खाल्ला. आता पायरीवर बसू नगं माझ्या माईवानी. काम न्हाय. जेव."

त्यांनी तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि त्याच्या हातावर ठेवला. दाविद त्या तुकड्याकडं बघत राहिला. मग त्यानं तो खाल्ला. त्याच्या बायकोनं खाल्लं. भिंतीपाशी शमुवेलबाबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, मला मीठ कोन वाढतंय का न्हाय? पंगत सुरू झाली. अनंता चौकटीपाशीच उभा होता. अक्कांनी त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला. तो पाणी प्यायला आणि निघून गेला. अक्कांनी त्याला थांबवलं नाही.

दाविद उठताना अक्कांनी उरलेलं कालवण, घरी निजवलेल्या पोरासाठी म्हणून, बूट बसलेल्या त्या जर्मनच्या भगुल्यात भरून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून दाविद छप्पर शाकारू लागला. अक्कांनी शिडी धरली. काही दिवसांनी अनंता त्या वाटेनं गेला, खाली थांबून बराच वेळ वर बघत राहिला आणि म्हणाला, तिकडची पेंढी सैल बांधलीयस. दाविदनं ती सोडून पुन्हा आवळली. एवढंच. अटकेनंतरचं त्यांच्यातलं हे पहिलं बोलणं. पुढं काय होईल ते त्यांचं ते बघतील.

दाविदचा गुन्हा पंगतीत धुतला गेला, असं मी लिहिणार नाही. गुन्ह्याची चौकशी व्हायला हवी, हे माझं मत आजही आहे. पण मी त्या दिवशी एक माणूस परत आलेला पाहिला. बहिष्कारानं कुणी परत आलेला मी अजून पाहिलेला नाही, आणि बहिष्काराची पत्रकं मी पुष्कळ लिहिली आहेत.

पुढं अक्कांची नजर गेली. बार्शीला त्यांची भाची होती, तिनं बोलावलं. आम्ही चार माणसं त्यांना येडशीच्या स्टेशनावर पोचवायला गेलो. गाडी उभी होती. अक्का खिडकीशी बसल्या, मांडीवर छत्री, आणि सगळ्यांना आवाजावरून ओळखून काहीबाही सांगत होत्या. एकच तक्रार होती: दाविदनं माझं भगुलं अजून दिलं न्हाय. इतके महिने मागते, आज देतो उद्या देतो म्हणतो.

मला कारण ठाऊक होतं. त्याच्या बायकोनं सांगितलं होतं. तो दर वेळी भगुलं घासायचा, आत काय घालावं म्हणून घरभर बघायचा, आणि त्या जेवणाच्या तोलाचं काही सापडलं नाही की परत फळीवर ठेवायचा.

शिट्टी झाली तेव्हा दाविद फाटकातून पळत आला. धापा टाकत त्यानं भगुलं खिडकीतून आत दिलं. घासून लख्ख केलेलं. बुटाचा पोचा तेवढा तसाच. अक्कांनी आत हात घातला, तळापर्यंत बोटं फिरवली, कडेनं चाचपलं. मग भगुलं उलटं करून त्यावर टिचकी मारली.

"रिकामं हाय," त्या म्हणाल्या.

"व्हय अक्का," दाविद म्हणाला. "रिकामं आनलंय."

गाडी हलली. ती छोटी रेल्वे जोरात कधीच धावत नाही, त्यामुळं वळणापर्यंत त्या आम्हाला दिसत होत्या. उलटं भगुलं छातीशी धरलेलं, तोंड आमच्या आवाजाच्या दिशेला, आणि मिसरीनं काळे झालेले सगळे दात दिसतील इतक्या हसत होत्या.